हजार रुपयांची विहीर

मरोळ गावठाण, अंधेरी पूर्व
७ जुलै २०२५

गिल्बर्ट,

तू माझा फोन ब्लॉक केलास, निकोलचाही केलास. व्हॉट्सॲपवर तुझा फोटोसुद्धा दिसेनासा झालाय, त्याचं मात्र दुःख नाही. म्हणून हे रजिस्टर पत्र. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तुझ्या ओट्यावरचा पंखा दिसतो, आणि पत्र मात्र आधी पोस्टात जाणार, शिक्का मारून घेणार आणि मग तुझ्या दारात येणार. तुझे पपा आणि माझे पपा सख्खे भाऊ होते, हे पोस्टातल्या बाईला सांगायची मला लाज वाटली.

काल तू अंगणाच्या फाटकाला कुलूप लावलंस. पुढचं घर तुझ्या पपांचं, मागचं माझ्या पपांचं, अशी वाटणी झाली तेव्हा अंगण आणि विहीर तुमच्या बाजूला गेली, मान्य. पण विहिरीवर यायची वाट कधी कुणाला बंद झाली नाही. गावठाणात लग्न कुणाचंही असो, आदल्या संध्याकाळी बँड लावून बायका कळश्या घेऊन याच विहिरीवर उंबराचं पाणी न्यायला येतात. उंबर कधीच पडला, नाव राहिलं. त्या पाण्याने आंघोळ घातल्याशिवाय आपल्याकडे नवरी नवरी वाटत नाही. तुझ्या बायकोला घातली, मला घातली.

माझ्या निकोलचं लग्न अठरा जानेवारीला ठरलंय. आदल्या संध्याकाळी मी पाणी न्यायला येणार. कुलूप तोवर राहिलं तर पुढचं पत्र वकिलाचं येईल. वकील मी बघून ठेवलीय.

ल्युसी


मरोळ
१६ जुलै २०२५

ल्युसी टीचर,

पत्र मिळालं. पोस्टमन सही घेताना म्हणाला, अंकल, हे मागच्याच घरातून आलंय ना? मी म्हटलं, हो रे, आमच्याकडे रिटायर्ड टीचर आहे, वह्या तपासायला मिळत नाहीत म्हणून मला लिहिते.

आता ऐक. प्रॉपर्टी कार्डावर नाव कोणाचं? माझं. एकट्याचं. ॲश्टनने चार वर्षांपूर्वी हक्कसोड करून दिलीय. माझा सख्खा भाऊ गुपचूप मनोरीला बायकोच्या गावी जाऊन कॉटेज भाड्याने देत बसलाय, त्याची कटकट नाही, आणि चुलत बहिणीला मात्र माझ्या अंगणाची काळजी. बिल्डरची माणसं टेप लावायला येतात तेव्हा मध्ये बायका बादल्या घेऊन उभ्या. वरून त्यांनाच विचारतात, तुम्ही कोण? लोकांकडे नळ आहेत यार. चोवीस तास पाणी नसेल, पण आहेत ना?

आणि मी काही राक्षस नाही. निकोल माझ्या मांडीवर खेळलीय. एक साधा अर्ज लिही: 'आपल्या मालकीच्या विहिरीतून एक दिवस पाणी घेण्यास परवानगी मिळावी.' खाली सही. बस. कुलूप मी माझ्या हाताने काढतो, बँडवाल्यांना चहा पण पाजतो. एवढं लिहिलंस तर तुझा पेन मोडणार आहे का?

फोन ब्लॉक केला कारण तू सकाळी चहाच्या आधी भांडतेस. पत्राला निदान आवाज नसतो.

गिल्बर्ट


मरोळ
४ ऑगस्ट २०२५

गिल्बर्ट,

अर्ज लिहिला होता. खरंच. निकोल म्हणाली, मम्मी, दोन ओळींचा तर प्रश्न आहे, संपव ना. मी चांगल्या अक्षरात लिहिला, पाकिटात घातला आणि पोस्टात जायच्या आधी सहज प्रियंकाला दाखवला. प्रियंका माझी वकील. घाटकोपरची आहे, वयाने निकोलएवढी, पण डोकं वयाच्या पुढचं. तिने अर्ज वाचला आणि मला परत न देता स्वतःच्या फाइलीत ठेवून दिला. म्हणाली, मॅडम, इतकी वर्षं तुम्ही कुणाला न विचारता पाणी भरलंत, तोच तुमचा हक्क. एकदा परवानगी मागितलीत की मालक तो आणि तुम्ही पाहुण्या. पाहुण्यांना उद्या नाही म्हणता येतं.

तुला हे ठाऊक होतं. 'आपल्या मालकीच्या' हे शब्द तू जन्मात बोलला नाहीस, ते तुझ्या वकिलाचे आहेत. तू ते उतरवून काढलेस आणि वर निकोलला मांडीवर बसवलंस. तोंडात साखर आणि बगलेत सुरी म्हणतात ते हेच. माझ्या पोरीच्या लग्नाचा गळ करून मला पकडायला निघालास, याचा मला जेवढा राग आला तेवढा कुलपाचाही आला नव्हता.

दावा दाखल केलाय, दिंडोशीच्या कोर्टात. मागणी एवढीच की या विहिरीवर पाणी भरायचा आमचा वहिवाटीचा हक्क आहे असं कोर्टाने सांगावं आणि तू आडवं येऊ नये. समन्स घेताना पोस्टमनशी जरा कमी विनोद कर, तो सगळ्या गावाला सांगतो.

ल्युसी


मरोळ
१ सप्टेंबर २०२५

ल्युसी,

समन्स आलं. मी आणि माझा वकील, दोघांनी मिळून वाचलं आणि दोघेही हसलो. 'दाव्याचे मूल्य रुपये एक हजार.' हजार? आपल्या आजोबांनी खडक फोडून काढलेली विहीर, अंधेरी ईस्टला, मेट्रोपासून चालत जाण्याजोगी, आणि तिची किंमत हजार? तुझ्या पोरीच्या लग्नाच्या जेवणात पिठाचे फुगे तळायला तेल यापेक्षा महाग पडेल. आजोबा वर बसून काय म्हणत असतील?

मला कळतं ना हे का केलंस. खरी किंमत लिहिली तर कोर्ट फी भरावी लागते. टीचरची पेन्शन, चिंगूसपणा जुनाच.

पण वकील म्हणतो, बाईने स्वतःहून खड्डा खणलाय. दिंडोशीला दहा कोटींपर्यंतचेच दावे चालतात. त्याच्यावर एक रुपया गेला की केस फोर्टला, हायकोर्टात. मी दाखवणार की तू मागतेस तो हक्क म्हणजे माझं सगळं अंगण अडवणं आहे, आणि त्या अंगणाची किंमत काय ती. मग दिंडोशीचं कोर्ट म्हणणार, बाई, तुमचे कागद परत घ्या, आमचं काम नाही. फोर्टला नवीन नंबर लाव, नवीन वकील लाव. तुझ्या त्या पोरसवदा वकिलीणबाईंना तिथे कोणी खुर्ची पण देणार नाही.

अर्ज लिहायचा बाकी आहे अजून. माझं मन मोठं आहे.

गिल्बर्ट


मरोळ
१२ सप्टेंबर २०२५

गिल्बर्ट,

हसून झालं असेल तर वाच. महाराष्ट्रात मालमत्तेच्या वादात बाईला कोर्ट फी माफ आहे. अकरा रुपयांचा दावा असो की अकराशे कोटींचा, मला भरायचं शून्य. तेव्हा चिंगूसपणाचा प्रश्नच नाही. तुझ्या वकिलाने हे तुला सांगितलं नाही, कारण त्याची फी मात्र माफ नाही.

आकडा तरीही लिहावा लागतो, कारण केस कुठल्या कोर्टात चालायची ते आकड्यावर ठरतं. आणि कायद्यात असं आहे की ज्या गोष्टीचं मोल पैशात करता येत नाही, ती हजार रुपयांची धरायची. प्रियंकाने हे समजावलं तेव्हा मला हसू नाही आलं, बरं वाटलं. कायदा लिहिणाऱ्या कुणालातरी माहीत होतं की जगात अशाही गोष्टी असतात. तुला तशी एक सांग म्हटलं तर रविवारच्या जेवणापर्यंत डोकं खाजवत बसशील आणि शेवटी तुझ्या गाडीचं नाव सांगशील.

मी विहीर विकत मागत नाही. अंगण नको, घर नको, बिल्डरचा पैसा नको. कळशीभर पाणी न विचारता घ्यायचं आहे. कर त्याची किंमत.

आणि प्रियंकाच्या खुर्चीची चिंता करू नको. ती उभ्यानेच तुला पुरी पडेल.

ल्युसी


मरोळ
३ नोव्हेंबर २०२५

ल्युसी,

केली किंमत. तू म्हणालीस ना, कर, म्हणून केली. आर्किटेक्टचा रिपोर्ट लावून लेखी जबाब दिलाय, शपथेवर, माझ्या सहीने. वकिलाने मराठीत वाचून दाखवला तेव्हा मला स्वतःचाच अभिमान वाटला. 'सदर विहिरीवर गावातील कोणाही व्यक्तीचा कसलाही हक्क नाही व कधीही नव्हता. सदर मिळकत पूर्णतः मोकळी असून तिचे बाजारमूल्य अकरा कोटी रुपये आहे.' तुझ्याकडे कॉपी आली असेल, फ्रेम करून लाव.

कोर्टात काय झालं ते तुझ्या प्रियंकाने सांगितलंच असेल, पण मला पण सांगायचंय, मजा येते. ती म्हणाली, लग्न जानेवारीत आहे, तात्पुरता हुकूम द्या. माझा वकील म्हणाला, हे कोर्ट ही केस ऐकू शकतं का तेच आधी ठरू दे. जजसाहेबांनी दोघांकडे बघितलं आणि तारीख दिली फेब्रुवारीची. तोपर्यंत निकोल हनिमूनवरून येऊन ऑफिसला पण जायला लागेल.

तेव्हा आता दोनच रस्ते. एक, अर्ज. दुसरा, नळ. नळाचं पाणी क्लोरीनचं असतं, जंतू मरतात, नवरीला चांगलं.

गिल्बर्ट


मरोळ
१० नोव्हेंबर २०२५

प्रिय ॲश्टन,

फार दिवसांनी लिहितेय. फोन करणार होते, पण प्रियंका म्हणाली, जे विचारायचं ते कागदावर विचारा आणि उत्तरही कागदावर मागा. सध्या माझं आयुष्य तिच्या सांगण्यावर चाललंय.

विहिरीची केस तुझ्या कानावर आली असेल. सोबत गिल्बर्टच्या लेखी जबाबाची झेरॉक्स पाठवतेय. खाली पेन्सिलीने रेघ मारलेली ओळ दोनदा वाच. विहिरीवर कुणाचा हक्क नाही आणि कधी नव्हता, जागा मोकळी, किंमत अकरा कोटी. हे मी नाही म्हणत, तुझा भाऊ शपथेवर म्हणतो.

मला एवढंच विचारायचंय. चार वर्षांपूर्वी तू हक्कसोडीवर सही केलीस तेव्हा त्याने तुला जागेची किंमत काय सांगितली होती? आणि विहिरीबद्दल काय सांगितलं होतं?

सांगायचं नसेल तर नको सांगू. मला तुमच्या दोघांत पडायचं नाही. फक्त तुझी फसगत झाली असेल तर बहीण म्हणून मला गप्प बसवत नाही. निकोलच्या लग्नाला सगळे या.

ल्युसी


मनोरी
१९ नोव्हेंबर २०२५

ल्युसी,

तू बहीण म्हणून विचारलंस की केससाठी विचारलंस ते मला कळतं. मनोरीला राहिलो म्हणून मी वेडा झालो नाही. पण विचारलंस ते बरं केलंस.

तेव्हा तो इथे आला होता, फेरीबोटीने, हातात केक घेऊन. व्हरांड्यात बसून मला म्हणाला, ॲश्टन, त्या जागेला कुत्रं विचारत नाही. का? तर मधोमध विहीर, आणि विहिरीवर सगळ्या गावाचा हक्क. आजोबांपासूनचा. कोर्टात गेलं तरी गावच जिंकणार, कुठला बिल्डर हात लावेल? त्यापेक्षा तू सुटा हो, घराची डागडुजी मी एकटा बघतो. वर मला थोडे पैसे दिले. त्यातून कॉटेजवर नवीन पत्रे टाकले. मी त्याचे आभार मानले, ल्युसी. माझ्या बायकोने त्याला सुकी सुरमई बांधून दिली.

आता वाचतो तर जागा मोकळी आणि अकरा कोटी. म्हणजे माझ्याकडून घ्यायची होती तेव्हा विहीर गावाची, आणि तुला हाकलायचं तर विहीर कुणाचीच नाही. पोरीची इंजिनीअरिंगची ॲडमिशन आम्ही पैसे नाहीत म्हणून सोडली होती, ते रात्रभर बायकोला आठवत होतं आणि मला पण.

मी वकील केलाय. फसवून सही घेतली म्हणून हक्कसोड रद्द करायची नोटीस जातेय. त्याचाच आकडा, त्याचीच शपथ, अर्धं माझं. एकच कर. काही झालं तरी त्याला तो आकडा गिळू देऊ नको.

ॲश्टन


मरोळ
२२ डिसेंबर २०२५

प्रिय ल्युसी,

नाताळ आला. मिडनाइट मासला तू पुढच्या बाकावर बसतेस, मी मागे उभा असतो, आणि 'पीस बी विथ यू' म्हणायची वेळ आली की दोघंही दुसरीकडे बघतो. फादरच्या पण लक्षात आलंय. मला वाटतं, पुरे झालं.

मी विचार केला. शेवटी विहीर काय मी वर घेऊन जाणार आहे? आपण समझोता करू. विहीर गावाची, सामाईक, कायमची. फाटकाला कुलूप नाही. तुला, निकोलला, निकोलच्या पोरींना, सगळ्या गावठाणाला पाणी भरायचा हक्क, कोर्टाच्या शिक्क्यासकट. तू जे मागितलंस ते सगळं, वर एक पैसा पण जास्त नाही कमी नाही. वकिलाने कागद तयार ठेवलाय. दोघांनी सही केली की कोर्टातून तारीख अलीकडे घेता येते, लग्नाच्या आत काम होतं.

त्यात शेवटी एक छोटं कलम आहे, फॉर्मॅलिटी. जबाबात मी जो आकडा लिहिला तो नजरचुकीने लिहिला गेला, विहीर सामाईक असल्यामुळे जागेला तेवढी किंमत नाही, आणि तो मागे घ्यायला तुझी हरकत नाही. बस एवढंच. तुझी हरकत असायचं काही कारण पण नाही ना, तुझ्या मते तर ती हजाराचीच होती.

सोबत नाताळच्या फराळातले कुलकुल पाठवलेत. पोस्टाने नाही, हाताने. पोस्टमन पण कंटाळला असेल.

तुझा भाऊ,
गिल्बर्ट


मनोरी
२९ डिसेंबर २०२५

ल्युसी,

गिल्बर्टच्या वकिलाचं उत्तर आलं. लिहितात, विहीर पूर्वापार गावाच्या सामाईक वहिवाटीची आहे, त्यामुळे जागेला किंमत नाही, त्यामुळे धाकट्या भावाची फसवणूक झालीच नाही. आणि पुढे लिहितात, याबाबत श्रीमती ल्युसी यांच्याशी समझोता होत आहे.

होत आहे का?

तू सही केलीस तर माझी नोटीस घडी करून चण्याच्या पुडीला द्यायची. तुला तुझी विहीर मिळेल, मला माहीत आहे. निकोलचं लग्न तोंडावर आहे, ते पण माहीत आहे. मी तुझ्या जागी असतो तर काय केलं असतं, खरं सांगू, मला माहीत नाही. पण झेरॉक्स तू पाठवली होतीस. मी मागितली नव्हती.

आम्ही लग्नाला येतो. आहेर काय करायचा ते बायको विचारतेय.

ॲश्टन


मरोळ
६ जानेवारी २०२६

गिल्बर्ट,

कुलकुल खाल्ले. चांगले होते, तुझ्या बायकोचा हात बिघडलेला नाही. सही करणार नाही.

तुझा कागद प्रियंकाने वाचला आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, मॅडम, यात तुमची मागणी शंभर टक्के आहे, मी केस लढून याच्यापेक्षा जास्त काही आणू शकत नाही. तुम्ही विचार करा. मी केला. घरी येऊन, डबे घासत, चार दिवस केला.

ॲश्टनला मी लिहिलंय की तुझ्यावर अन्याय होऊ देणार नाही. त्याला बरं वाटलं असेल. तुला मात्र खरं सांगते, कारण तुझ्याशी गोड बोलायची मला गरज नाही. हे ॲश्टनसाठी नाही. माझ्याकडून परवानगीचा अर्ज काढून घ्यायला निघालास, दावा पाहून हसलास, तारीख पुढे गेली तेव्हा मजा आली म्हणालास. ती मजा मला विसरता येत नाही. अकरा कोटी तू शपथेवर लिहिलेस. हात दाखवून अवलक्षण तुझं तूच केलंस, आता तो आकडा पुसायला माझा हात मागतोस. नाही मिळणार. भावाला अर्धं देताना तुझं तोंड कसं होतं ते मला बघायचंय. त्यासाठी मला जे सोडावं लागेल ते मी सोडीन.

फेब्रुवारीत कोर्टात ये. मी येणार आहे.

ल्युसी


मरोळ
१४ जानेवारी २०२६

ल्युसी,

ठीक आहे. कागद राहू दे. वकील गेला खड्ड्यात.

कुलूप काढलंय. खिडकीतून दिसत असेल तुला. काल पंप लावून गाळ काढला, कठडा धुऊन घेतला, डास होऊ नयेत म्हणून आत मासा सोडलाय. शनिवारी संध्याकाळी फाटक उघडं असेल. अर्ज नको, सही नको, काही नको. ये आणि पाणी घेऊन जा.

तू म्हणशील, यात पण याचा डाव असेल. बायका पाणी भरताना फोटो काढेल आणि ॲश्टनला दाखवेल, बघ, गावाची विहीर. खोटं कशाला बोलू, वकिलाने हेच सांगितलंय. पण ल्युसी, डाव असला म्हणून पाणी खोटं होतं का? पोरीच्या लग्नाचं आहे. स्वतःचं नाक कापून मला अपशकुन करू नको. ॲश्टनचं आणि माझं काय व्हायचं ते होईल, तो पण गप्प बसणार नाही आणि मी पण नाही. तुझं काम तर होतंय ना?

मी ओट्यावर उभा राहीन. तुला माझं तोंड बघायचं नसेल तर आत जाईन. तसं सांग.

गिल्बर्ट


बोरिवली
२ फेब्रुवारी २०२६

मम्मी,

समोर बसून बोलले असते, पण तू मला मध्येच तोडतेस, आणि गेले काही महिने बघतेय, कागदावर आलेलंच तू नीट वाचतेस. म्हणून पत्र. माझं मराठी अक्षर बघून नाराज होऊ नको, शाळा सुटून बरीच वर्षं झाली.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी आपण निघालो तेव्हा मला वाटलं, तू शेवटच्या क्षणी वळशील. बँड फाटकाशी आला आणि आपोआप थांबला, त्यांना सवय आहे. फाटक सताड उघडं होतं. माझी गॉडमदर कळशी घेऊन आत पाऊल टाकणार, तेवढ्यात तू तिच्यासमोर जाऊन उभी राहिलीस आणि म्हणालीस, नळावर चला. तिला वाटलं, तू मस्करी करतेस. ती हसली. मग तुझा चेहरा बघितला आणि तिने कळशी खाली घेतली. सगळ्या बायका तशाच माघारी फिरल्या. बँडवाल्याला कळेना की वाजवायचं की नाही, म्हणून तो अर्धवट वाजवत होता. ॲश्टन अंकल तिथेच होते. त्यांनी मान खाली घातली. त्यांच्या बाजूने तू उभी राहिलीस म्हणून त्यांना आनंद झाला असेल असं तुला वाटत असेल तर तसं नव्हतं.

गिल्बर्ट अंकलच्या हातात फोन होता, मी बघितला. असू द्यायचा होता. काढू द्यायचे होते फोटो. त्यांनी फोन खिशात टाकला आणि आत निघून गेले, ते तू बघितलं नाहीस, तू तेव्हा नळाची लाइन लावत होतीस.

मला पाण्याचं काही नाही, मम्मी. आंघोळ झाली, लग्न झालं, सगळे नाचले. मला एवढंच कळत नाही की विहीर उघडी असताना आपण कशासाठी भांडत होतो. तुला विहीर हवी होती ना? सहा महिने जेवताना, भांडी घासताना, माझ्या साडीला फॉल लावताना तू तेच बोलत होतीस. मग ती मिळाली तेव्हा तू घेतली का नाहीस? त्या रात्री विचारणार होते. धीर झाला नाही. खरं तर मला उत्तर माहीत होतं आणि तुझ्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात तारीख आहे, तू जाणार, मी अडवत नाही. सर्वेशने, माझ्या ऑफिसमधल्या मित्राने, कोर्टाच्या साइटवरून मला दाव्याची कॉपी काढून दिली. पहिल्यांदाच वाचली. चौथ्या परिच्छेदात लिहिलंय की वादीची एकुलती एक मुलगी निकोल हिच्या सुखासाठी आणि तिच्या होणाऱ्या अपत्यांसाठी वादीला हा हक्क मिळणे आवश्यक आहे.

प्रियंकाला सांगून तो परिच्छेद काढून टाक. केस चालव, जिंक, हायकोर्टात जा, तुझी इच्छा. पण माझं नाव त्यात नको, आणि जी पोरं अजून झाली नाहीत त्यांचंही नको. ते निघेपर्यंत मी घरी येणार नाही. काढलंस की कॉपी पाठव. मी वाचून बघेन.

निकोल